आमच्याही काही अपेक्षा आहेत

(पोंभुर्ण्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र घेतलेल्या मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



समाजशास्त्र स्वतः मागून घेतलेले किती आहेत, हात वर करा बघू. चार. बाकीच्यांना प्रवेशाच्या खिडकीपाशी काय सांगितलं गेलं ते मी न विचारता सांगतो. सोपा विषय हाय, घेऊन टाक. गाईड वाचलं का निघून जाते. गणित नाही, प्रयोगशाळा नाही. जंगलपट्टीतल्या पोट्ट्यापोट्टींना एवढं पुरे.

हा 'पुरे' शब्द मला डाचतो. आपल्याला पुरे काय, हे नेहमी दुसऱ्यानंच ठरवलं. किती पाणी पुरे, किती जमीन पुरे, किती अक्षरं पुरी. आता विषयसुद्धा.

कॉलेज सुरू झालं की पहिल्या-दुसऱ्या तासाला तुम्हाला नियम सांगतील. कुठे छापील कागद देतील, कुठे फळ्यावर लिहितील, कुठे सर तोंडानंच बोलून मोकळे होतील. हजेरी 75 टक्के. स्वाध्याय ठरल्या तारखेला. नक्कल चालणार नाही. मोबाइल बंद. अंतर्गत गुण इतके, लेखी परीक्षेचे इतके. याला म्हणायचं विद्यार्थ्यांकडून असलेल्या अपेक्षा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत असा कागद पहिल्या दिवशी हातात पडतो आणि तो शिकवणारा नि शिकणारा यांच्यातला करार मानतात. आपल्याकडे 'अपेक्षित' म्हटलं की पोरांना एकच वस्तू आठवते – परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घेतलेला प्रश्नसंच.

करार म्हटला की दोन बाजू आल्या. आपल्या कागदावर एकच बाजू लिहून येते. दुसरी आज आपण लिहायची.

आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर आपल्यातले काही बहाद्दर लगेच टाळ्या पिटतील. नियम फाडून फेका असं मी म्हणणार नाही. हजेरी माफ करा, गुण वाढवून द्या, पेपर सोपा काढा, या मागण्यांचा मोर्चा असेल तर मला बोलावू नका. सवलतीच्या नावाखाली आपल्याला कच्चा माल देण्याची या व्यवस्थेची जुनी खोड आहे. मागायचंच तर पक्कं मागू.

हजेरीचं घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानं सगळं श्रेयांकांत मोजायला लावलं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते 2024-25 पासून आलं. वर्गातल्या शिकवण्याच्या एका श्रेयांकाला 15 तास. विषय चार श्रेयांकांचा असला तर तास झाले 60. त्यातले 75 टक्के म्हणजे 45. हातात उरले 15. आठवड्याला चार तास धरले तर हे पंधरा म्हणजे चार आठवड्यांपेक्षा थोडे कमी. मुंबई-पुण्याच्या पोराला हे पंधरा तास पुरून उरतात. ताप आला, मामाचं लग्न आलं, मॅच आली.

आता पोंभुर्ण्याचं कॅलेंडर काढा. जुलै-ऑगस्टात रोवणा. बांधीत पाणी भरलं की धान थांबत नाही, आणि रोवण्याची मजुरी हीच कित्येक घरांची पावसाळ्यातली रोकड असते. दिवाळीच्या मागंपुढं धान कापणी, मग चुरणं. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागतात, ती पहाटे अंधारातच वेचावी लागतात, उशीर झाला तर ऊन आणि जनावरं. आणि चंद्रपूर जिल्ह्यात पहाटे मोह वेचायला जाणं म्हणजे काय, ते वाघाच्या बातम्या वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात तेंदूपत्ता. घरातले सगळे हात लागतात. 70 पानांचा पुडा बांधताना कॉलेजात जाणारी बोटं वेगळी काढून ठेवत नाहीत.

आणि परीक्षा कधी? हिवाळी सत्राची कापणीच्या आसपास, उन्हाळी सत्राची मोह-तेंदूच्या आसपास. हे कोणी कट करून ठरवलं असं मी म्हणत नाही. त्याहून वाईट गोष्ट आहे. ठरवताना तुमची आठवणच कुणाला झाली नाही.

गोंडवाना विद्यापीठ 2011 साली गडचिरोलीला झालं. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठाखाली होते. एका दाखल्यासाठी पोरं नागपूरला हेलपाटे घालायची. विद्यापीठ जवळ आलं, ही गोष्ट लहान नाही. पण नाव गोंडवाना आणि वेळापत्रक सदाशिव पेठेचं, हे चालायचं नाही. नावातला गोंड वेळापत्रकात दिसला पाहिजे.

मग आपली अट काय? हजेरी माफ करू नका. रोवण्याच्या दिवसांत बुडालेले तास रविवारी, सुट्टीत भरून घ्या. तास भरून काढण्यात बेकायदा काही नाही, फक्त कुणीतरी मागावं लागतं. सत्र सुरू होतानाच आपण लेखी द्यायचं – या-या गावचे इतके विद्यार्थी या दोन आठवड्यांत बांधीवर असतील. नंतर कारणं सांगत फिरायचं नाही. आधी कळवणारा माणूस हिशोब मागू शकतो, नंतर कळवणारा दया मागतो.

आणखी एक प्रकार आहे, तो तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. "येऊ नको, हजेरी लावून देतो." हा मोठा दयाळू माणूस वाटतो. मी त्याला चोर म्हणतो. 45 तासांचं शिकणं त्यानं तुमच्या खिशातून काढलं आणि वर उपकार चढवले. शिष्यवृत्तीच्या अर्जात हजेरीची टक्केवारी भरायची असते, म्हणून आपली पोरं खूश होतात. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. ती शिकण्यासाठी होती, सहीसाठी नव्हती.

हजेरीची दुसरी बाजू – शिकवणाऱ्याची. कॉलेजांत जागा रिकाम्या. शिकवायला येतो तो तासिका तत्त्वावरचा माणूस. घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि मिळतील तेही महिन्यांनी. तो दोन कॉलेजांमध्ये मोटारसायकलवर पळतो. त्याच्यावर खेकसून उपयोग नाही. बऱ्याचदा तो आपल्यातलाच, नेट-सेट होऊन बसलेला पोरगा असतो. पण प्रश्न विचारायचाच आणि तो वर विचारायचा – 60 तासांपैकी किती तास झाले, ते सत्राअखेर फळ्यावर लावा. विद्यार्थ्याच्या टक्केवारीशेजारी विषयाची टक्केवारी.

आता नक्कल. कागदावर लिहिलेलं असतं, दुसऱ्याचं उतरवू नका. आणि हातात देतात गाईड, जे स्वतःच कुठून तरी उतरवलेलं. आता तर मोबाइलला विचारलं की तो पानभर उत्तर ओकतो. तोच निबंध चाळीस जणांचा, जन्मगाव तेवढं वेगळं.

गाईडात समाजशास्त्राच्या व्याख्या असतात. ऑगस्ट कॉम्त, मॅकआयव्हर आणि पेज, गिन्सबर्ग, आणि एक गिडिंग्ज. गिडिंग्ज पाठ केलाय कुणी? कोण होता तो? फ्रँकलिन गिडिंग्ज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. आणि 1913 ते 1916 त्याच विद्यापीठात आपला बाप शिकत होता. तिथं बाबासाहेबांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे सर्वांत जास्त, पण समाजशास्त्राचे 6 आणि मानववंशशास्त्राचे 4. म्हणजे ज्याची व्याख्या तुम्ही अर्थ न कळता घोकता, तो बाबासाहेबांच्या विद्यापीठातला मास्तर. हे गाईडवाल्यानं सांगितलं नाही. त्याला दोन ओळी जास्त छापाव्या लागल्या असत्या.

पुढची गोष्ट नीट ऐका, कारण आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. 9 मे 1916. मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्राचा वर्ग. पंचवीस वर्षांचा भीमराव तिथं एक निबंध वाचतो – भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी, 1917 च्या मे महिन्यात, तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. आपण त्याला ग्रंथ म्हणून नमस्कार करतो. पण होता काय? वर्गात सादर केलेला स्वाध्याय! ज्याला तुम्ही "सबमिशन" म्हणता आणि आदल्या रात्री उतरवून काढता, तोच प्रकार.

त्या निबंधात बघा, नक्कल न करणं म्हणजे काय. सेनार्ट काय म्हणतो, नेसफील्ड काय म्हणतो, रिस्ले काय म्हणतो, एकेकाची जातीची व्याख्या समोर ठेवली, नाव घेऊन ठेवली. मग केतकर. आपले ज्ञानकोशकार केतकर. ते अमेरिकेतच कॉर्नेलला शिकले आणि जातीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1909 साली निघालं. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली: जातीत जन्मलेल्यालाच जातीत घ्यायचं, आणि जातीबाहेर लग्न करायचं नाही. बाबासाहेबांनी केतकरांना मान दिला, त्यांची दृष्टी मोकळी आहे असं म्हटलं, आणि मग दाखवलं की ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की बाहेरचं लेकरू आत येईल कुठून? इथं त्यांनी बोट ठेवलं – लग्नाची बंदी हेच जातीचं मर्म. तिथून पुढं सती, सक्तीचं वैधव्य, पोरसवदा मुलीचं लग्न, सगळ्यांचा उलगडा त्या एका बंदीतून केला. नवरा मेला की बाई 'जास्तीची' झाली, ती दुसऱ्या जातीत जाईल. मग तिला जाळा नाहीतर डोकं भादरून कोपऱ्यात बसवा. बायको मेली की पुरुष 'जास्तीचा'. त्याला कोण जाळणार? त्याला पोरगी आणून द्या. जातीचं आणि बाईच्या गुलामीचं कुलूप एकच आहे, हे 1916 साली एका विद्यार्थ्यानं सांगितलं.

आणि शेवटी हेही म्हटलं की माझा सिद्धान्त टिकत नाही असं कुणी दाखवलं तर मी तो सोडायला तयार आहे. ही पंचवीस वर्षांच्या पोराची छाती.

म्हणून नक्कल करू नका. नियमात लिहिलंय म्हणून नव्हे. दुसऱ्याचं घ्या, नाव सांगून घ्या, मग त्याच्याशी भांडा. महाराष्ट्र शासनानं 1979 साली बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड काढला, वसंत मून यांनी तो सिद्ध केला, त्यात हा निबंध अगदी सुरुवातीला आहे. वीसेक पानं. इंग्रजी कठीण जाईल, जाऊ द्या. दिवसाला एक पान, चौघांनी मिळून, एक शब्दकोश मधे ठेवून. महिन्याच्या आत संपतो.

याच संदर्भात अभ्यासक्रमाबद्दल एक अट. संस्कृतीकरण शिकवताना श्रीनिवासांचं नाव येतं, 1952 सालचं कूर्गांवरचं पुस्तक येतं. यायलाच पाहिजे, त्यांचं काम आहे. पण वरच्याचं अनुकरण खालचा करतो आणि त्यातून जात पसरते, हा विचार 1916 च्या निबंधात आहे, छत्तीस वर्षं आधी. तो त्या धड्यात आला पाहिजे. 'समाजसुधारक' नावाच्या शेवटच्या प्रकरणात महात्मा फुल्यांशेजारी फोटो लावून बाबासाहेबांना बसवायचं आणि सिद्धान्ताच्या प्रकरणात त्यांना दार बंद, हे आम्ही ओळखतो. फोटो नको. सिद्धान्तात जागा द्या.

गोंड, परधान, माना घरातल्या मुलांसाठीही सांगतो. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 ला सुरू झाला, 1924 पासून घुर्ये त्याचे प्रमुख. आपल्याकडच्या समाजशास्त्राचे मोठे मास्तर. त्यांनी 1943 साली आदिवासींवर पुस्तक लिहिलं आणि मांडलं की हे मागासलेले हिंदू. गावात पेन ठाणा आहे, कुळाची देवसंख्या आहे, त्यावरून सोयरीक ठरते, अशा घरातली पोरगी वर्गात हे वाचते तेव्हा तिनं काय करायचं? पुस्तक जाळायचं? नाही. पूर्ण वाचायचं. मग हायमेनडॉर्फचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं 1948 सालचं पुस्तक शोधायचं. आदिलाबाद आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे. मग आजीला विचारायचं. तिन्ही साक्षी एकापुढं एक ठेवायच्या आणि आपलं म्हणणं लिहायचं. आजीची साक्ष गुणाला धरली पाहिजे, ही आपली अट. पण ती आजी म्हणते म्हणून खरी, असंही चालायचं नाही. तिलाही उलट विचारायचं.

वर्गात बोलण्याचा नियम थोडक्यात. जातीचं प्रकरण आलं की मास्तरची नजर ठरावीक बाकांवर जाते. "सांग बाबा तुझा अनुभव." एका मुलीनं मला सांगितलं, त्या दिवशी तिला वाटलं आपल्याला काचेच्या बरणीत भरून फळ्यापाशी ठेवलंय. बोलायचं की नाही हे जिचं तिनं ठरवायचं. आणि अनुभव विचारायचाच असेल तर सगळ्यांना विचारा. कुणब्याच्या, तेल्याच्या, कोमट्याच्या, बामणाच्या पोरालाही जात आहे. तोही सांगू दे की त्याच्या घरी पाण्याचा ग्लास कुणाला वेगळा आहे. जात म्हणजे फक्त आमचं दुखणं नाही, ती तुमचीही सवय आहे. समाजशास्त्र सवयींचा अभ्यास करतं.

मोबाइल बंद ठेवा. त्यावर भाषण नको.

आता आपल्या घरात शिरतो. दुसऱ्याला प्रश्न विचारून झाले. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, या आपल्या जिल्ह्यात. तुमच्यातल्या कित्येकांचे आजे बैलबंडीनं, पायी तिथं गेले असतील. दीक्षेनं जात सुटली. मग सोयरीक जमवताना लाडवन की बावने की कोसरे, हे अजून कुठं कुठं हळूच का विचारतात? चहा पिता पिता, आवाज खाली करून? 1916 च्या निबंधाप्रमाणे जातीचं मर्म लग्नबंदीत आहे, तर ही कुजबुज काय आहे? याचं उत्तर बाहेरचा संशोधक देणार नाही. दिलं तर आपण त्याला झोडपू. ते आपण द्यायचं आणि पहिल्या वर्षाच्या स्वाध्यायात द्यायचं.

शहरातले आपले मित्र हे छापील वाचतील. त्यांना वाटेल पोंभुर्ण्याच्या पोरांना हे झेपेल काय. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा त्यांनी आठवावं. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, आणि 2011 ला बांबूची वाहतूक स्वतःच्या पासावर करण्याचा हक्क त्यानं घेतला. त्यामागं काय होतं? अभ्यासगट. गावची माणसं बसून कायदा समजून घेत होती, निम्म्यांना अक्षरओळख बेताची. प्रवेश अर्ज नाही, गुणपत्रिका नाही, पण हजेरी होती. ज्याला विषयाची गरज कळली तो तासाला येतो.

म्हणून कामाचं बोलू. दोन कागद. पहिला – आपल्या अटींचा अर्ज, प्राचार्यांच्या नावे: भरून घ्यायचे तास, झालेल्या तासांचा फलक, ग्रंथालयात पहिल्या खंडाच्या किमान पाच प्रती, स्वाध्यायाला गावातला विषय घेण्याची मुभा. भाषा सरळ ठेवा, शिव्या नको, तारीख आणि पोच घ्या. दुसरा कागद ज्यानं-त्यानं आपल्या गावचा लिहायचा. गेल्या पाच वर्षांत गावात झालेली लग्नं. कुणाचं कुणाशी, कुठल्या गावाहून, मुलीचं वय काय, जातीबाहेरचं एखादं झालं असेल तर ते जोडपं आज गावात राहतं की नाही. माणसांची नावं लिहू नका, आकडे लिहा. नावं लिहिली तर उद्या कुणाचं तरी घर मोडेल. बौद्ध, गोंड, ढिवर, कुणबी, तेली, सगळ्या वस्त्यांत जा, फक्त आपल्या नाही. ज्यांना तेंदूचा विषय पाहिजे त्यांनी फळीवर पुडे मोजणारा कोण, नाकारणारा कोण, आणि पैसे घरातल्या कुणाच्या नावे जमा होतात, ते बघायचं.

रोवणा सुरू व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे. लग्नांची यादी पोळ्यापर्यंत आणा, मग आपण ती या निबंधाशेजारी ठेवून बसू.

आता प्रश्न विचारा. लांबच्या गावच्या मुलींची शेवटची बस आहे, त्यांचे आधी घेऊ.